दुसऱ्याच्या खात्यातली काटकसर

बचतीचा आकडा सांगताना माझा आवाज बदलतो. एरवी मी बैठकीत फारसा बोलत नाही. पण 'यंदा मेंटेनन्सचा खर्च गेल्या वर्षीपेक्षा कमी' हे वाक्य आलं की मी खुर्चीत थोडा पुढे सरकतो, आकडा सावकाश उच्चारतो आणि समोरच्याने तो लिहून घेतला की नाही हेही हळूच बघतो. हे मला कोणी दाखवून दिलं नाही, माझं मलाच दिसलं. दिसल्यापासून जरा अवघडल्यासारखं झालंय.

दुकानांच्या एका साखळीची देखभाल मी पाहतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर अशी पसरलेली दुकानं. दिवे लागले पाहिजेत, एसीने गार हवा दिली पाहिजे, शटर वेळेवर वर गेलं पाहिजे, पहिल्या पावसात ग्लो साइन बोर्डात पाणी शिरून दुकानाची वीज ट्रिप होता कामा नये. सगळं नीट चाललं तर माझी आठवण कोणालाच येत नाही; बिघडलं की फोन थेट मला. चांगल्या कारणासाठी नाव घेतलं जाण्याची शक्यता असलेला वर्षातला प्रसंग एकच, मार्च एंडचा आढावा. तिथे 'कुठलंच यंत्र बंद पडलं नाही' असं सांगून टाळ्या मिळत नाहीत. जे घडलंच नाही त्याचा आलेख कसा काढणार? कमी झालेल्या खर्चाचा मात्र काढता येतो.

म्हणून स्वतःलाच विचारतो, मी काटकसरी आहे का? घरी तर नाही. भाजीवालीशी घासाघीस करणं मला जमत नाही, रिक्षावाल्याकडे सुटे मागताना संकोच वाटतो. आणि ऑफिसात शिरलो की शिडी भाड्याने आणल्याच्या किरकोळ बिलावरून मी प्लंबरला हेलपाटे घालायला लावतो. हा माणूस कोण? काटकसर स्वभावातच असती तर ती दोन्हीकडे दिसली असती. जिथे वरचं कोणी बघतंय तिथेच ती उगवत असेल तर तिला काटकसर म्हणायचं, की कौतुकाची भूक?

बरं, भूक असेना का. खर्च तर वाचला ना? इथेच गोष्ट अडते.

आमच्या हिशेबात 'दुरुस्ती व देखभाल' हे एक खातं. वीजबिल दुसरं. माणसांचा पगार तिसरं. विक्री कमी झाली तर तो चौथ्याच कोणाचा प्रश्न. यातल्या पहिल्या खात्यावर माझं नाव आहे. आता समजा एसीच्या एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, वर्षाला चार सर्व्हिस होत्या, त्या मी तीनवर आणल्या. माझ्या खात्यात बचत लगेच दिसते. पण गच्चीवरच्या आउटडोअर युनिटच्या कॉइलवर धूळ बसते, उष्णता बाहेर टाकायला कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जास्त वेळ चालतो. एक किलोवॉट जास्त ओढलं गेलं, दुकान रोज १२ तास, वर्षातले ३६० दिवस उघडं राहिलं, तर ४,३२० युनिट होतात. युनिटला १५ रुपये धरले तर ६४,८०० रुपये. सर्व्हिस कमी करून मी जे वाचवलं त्याहून हे बहुतेक वेळा जास्तच भरतं. पण ते वीजबिलात जातं, आणि तिथे कारण लिहिलं जातं: उन्हाळा कडक होता. उन्हाळा तर कडक होताच! त्याच्याइतका सोयीचा साक्षीदार नाही, त्याची उलटतपासणी कोणी घेत नाही.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, कॉइल घाण झाली की काय होतं ते पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. माहीत होतं आणि तरी ते दोन आकडे मी कधी शेजारी शेजारी मांडले नाहीत. का नाही मांडले? मांडले असते तर आलेख कोसळला असता म्हणून. दुसरं कारण मला तरी सापडत नाही.

गॅसचंच घ्या. एखाद्या दुकानातून एप्रिलमध्ये फोन येतो, हवा गार येत नाही. टेक्निशियन जातो, गेज लावतो, सांगतो, "सर, गॅस कमी झालाय." एसीचा गॅस ही काही वापरून संपायची वस्तू नाही, बंद नळ्यांतून तो नुसता फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी बाहेर गेला. तो पुढे म्हणतोही, "भरून देतो, पण लीक शोधायला पाहिजे. नायट्रोजन मारून बघावं लागेल."

"किती वेळ?"

"अर्धा दिवस तरी जाईल, सर."

शनिवार असतो. दुकानाच्या मॅनेजरचे फोन चालू असतात. आणि मी म्हणतो, "अरे, आत्ता गॅस भर, बाकी नंतर बघू." हे 'नंतर' पुढच्या एप्रिलमध्ये उगवतं, परत गॅस भरायलाच.

लीक नीट शोधताना मी कधीतरी शेजारी उभा राहिलोय. नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरतात, गेजचा काटा एका जागी नेऊन सोडतात आणि सांध्यासांध्यावर साबणाचा फेस लावत जातात. घाई केली तर काहीच दिसत नाही. फ्लेअर नटच्या कडेला एक बुडबुडा येतो, मोहरीएवढा, फुटतो, परत येतो. तो दिसायला डोळा लागतो आणि त्याहून जास्त, कोणी पाठीमागून 'झालं का, झालं का' न करणं लागतं. मग नट उघडून तोंड नव्याने फुलवायचं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, गॅस काट्यावर मोजून भरायचा. घाईच्या कामात यातलं व्हॅक्यूम आधी गळतं, मग वजन. पाइपाला हात लावून 'आता बरोबर थंड लागतोय' म्हणत भरलेला गॅस मी बिलावर सही करून मंजूर केलेला आहे.

इथे माझ्या घाईचा आणि टेक्निशियनच्या शिक्षणाचा संबंध लागतो. तो मुलगा असं काम करतो कारण त्याला तसंच करताना कोणीतरी दाखवलं. आयटीआयमध्ये तो शिकला तेव्हा बाजारात बहुतेक आर-२२ गॅस होता. आता नव्या यंत्रांत आर-३२ आहे, काहींत आर-४१०ए. आर-३२ सौम्य का होईना, ज्वलनशील आहे; त्याच्या नळीला टॉर्च लावण्याआधी काय काळजी घ्यायची हे कोणीतरी शिकवायला हवं. आर-२२ तर मॉन्ट्रियल करारानुसार २०३० पर्यंत जवळजवळ हद्दपार व्हायचाय. केंद्र सरकारने २०१९ मध्ये 'इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन' काढला, त्यात दुरुस्ती क्षेत्रातल्या एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं लक्ष्य होतं. तो आराखडा मी वाचला होता. माझ्या एका सादरीकरणात त्याची एक स्लाइडही होती! पण आमच्या दुकानांत शिडी चढणाऱ्यांपैकी कोणाला त्या प्रशिक्षणाला पाठवता येईल का, हा विचार ती स्लाइड बनवताना माझ्या मनात आला नाही.

आला असता तर उत्तर तयारच होतं: "ती माणसं आपली नाहीत, कंत्राटदाराची आहेत." हे वाक्य मी इतक्या सहज वापरतो की त्यात काही दडवलंय असं वाटतच नाही. टेक्निशियन कंत्राटदाराचा, म्हणून त्याला शिकवायचं कंत्राटदाराने. कायदेशीर दृष्ट्या चूक नाही. पण ते कंत्राट ठरवलं कोणी?

एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दराचा कंत्राटदार. मी त्यालाच काम देतो. आता बघा, किमान वेतन सरकारने ठरवलेलं. मालकाच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, ईएसआय ३.२५ टक्के, तेही ठरलेलं. पाच कंत्राटदारांनी पाच दर दिले तर हे आकडे पाचही जणांचे सारखेच असायला हवेत. मग एल-वन स्वस्त होतो तो नेमका कशात? बुटांत. हत्यारांत. सुट्टीच्या दिवशी पाठवायच्या बदली माणसात. आणि शिकवण्यात. कधी कधी याहून वाईट जागीही. माझ्या टेबलावर सगळ्यात कमी दराचं कोटेशन येतं तेव्हा मी खरं तर न शिकलेला माणूस मागवत असतो, आणि तो आला की म्हणतो, "हल्ली चांगली माणसं मिळत नाहीत." हे वाक्य मी या क्षेत्रातल्या प्रत्येक भेटीगाठीत ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मान डोलावलीय.

दुसरं एक कारण मी देतो, ते जास्त प्रामाणिक वाटतं म्हणून जास्त फसवं आहे: शिकवला की निघून जातो. जातात, हे खरं आहे. चार ठिकाणचं काम येऊ लागलं की मुलगा दोन हजार जास्त मिळतील तिथे जाणारच. मीही तेच केलंय, प्रत्येक नोकरी बदलताना. मग त्याच्या जाण्याचा मला इतका राग का? आणि न शिकता जे वर्षानुवर्षं आमच्याकडे राहतात, त्यांचा खर्च मी कुठे धरतो? कपॅसिटर खराब झालाय हे न ओळखता कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं, तर काही शे रुपयांच्या जागी हजारोंचं बिल येतं. ते बिल 'ब्रेकडाऊन' म्हणून मंजूर होतं. त्यावर 'न शिकवल्याबद्दल' असं कोणी लिहीत नाही.

१९६१ पासून आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. आमच्याकडे ते येतात, पण काउंटरवर उभे राहायला. माझ्या विभागात एखादा आयटीआयचा मुलगा द्या असं मी एचआरला कधी म्हटलं नाही. शिकाऊ मुलगा म्हटलं की त्याला सांभाळा, शिकवा, प्रश्नांना उत्तरं द्या. वेळ कोणाकडे आहे?

वेळ होता. माझ्या स्वतःच्या शिकण्यासाठी होता. आमच्या कामाची एक जागतिक संघटना आहे, १९८० मध्ये अमेरिकेत सुरू झालेली इफ्मा. तिचे अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रं आहेत, नावापुढे लावायची अक्षरं आहेत. २०१८ मध्ये आयएसओ ४१००१ हे मानकही आलं. त्या सगळ्यातलं बरंच मी शिकलोय, कंपनीच्या खर्चाने. परिषदांना गेलोय, गळ्यात बिल्ला घालून चांगलं जेवलोय. शिकलो ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. लाइफ सायकल कॉस्ट कशी काढायची, करारात काय लिहायचं, हे तिथेच कळलं. पण गंमत अशी की त्याच मानकांच्या व्याख्येत आमच्या कामाचा हेतू सांगताना माणसांच्या जगण्याची प्रत सुधारण्याचा उल्लेख आहे, व्यवसायाच्या उत्पादकतेच्या जोडीला. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलं. त्या माणसांत गच्चीवर मे महिन्यात पत्र्यावर बसून कॉइल धुणारा माणूस येतो का, हा प्रश्न परीक्षेत नव्हता.

आणि एक गोष्ट लिहायला नको वाटते, तरी लिहितो. जसजसा मी 'विकसित' होत गेलो तसतसा यंत्रापासून लांब गेलो. आता एखादा टेक्निशियन इन्व्हर्टर युनिटच्या पीसीबीबद्दल काही सांगतो तेव्हा मला पूर्ण कळत नाही. कळलं नाही असं म्हणण्याऐवजी मी विचारतो, "खर्च किती?" हा प्रश्न विचारला की मी साहेब असतो, आणि तो गप्प होतो. खर्चाची किती चौकशी मी खर्चासाठी केली आणि किती स्वतःचं अज्ञान झाकायला? त्याला शिकायला पाठवण्यात मी जी टाळाटाळ केली, तिच्या तळाशी तो माझ्यापेक्षा जास्त जाणता होईल ही धास्तीही थोडी नव्हती ना? नव्हती, असं ठामपणे म्हणवत नाही.

खात्यांची ही अदलाबदल माणसांपाशीच थांबत नाही. छोट्या कंत्राटदाराचं बिल घ्या. वर्ष संपताना खर्च कमी दाखवायचा असेल तर सोपा उपाय म्हणजे बिलात त्रुटी काढणं. जॉब शीटवर दुकानाचा शिक्का पुसट आहे, पीओ नंबर चुकलाय, फोटो जोडलेला नाही. बिल पुढच्या महिन्यात, म्हणजे पुढच्या वर्षात. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर व्याजाची तरतूद आहे. २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून प्राप्तिकरातही नियम आला, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. तेव्हापासून आमच्या अकाउंट्सने माझी ही सवय बरीच मोडली. म्हणजे जे मला दहा-बारा माणसं कामाला ठेवणाऱ्या त्या कंत्राटदाराच्या चेहऱ्याकडे बघून कळायला हवं होतं, ते मला प्राप्तिकर खात्याने शिकवलं. त्याचे पैसे अडकले की पहिला उशीर कोणाच्या पगाराला होतो, हे मला माहीत नव्हतं का?

अग्निसुरक्षेचं लिहिताना तर लेखणी अडखळते. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन सादर करायचं असतं. आम्ही ते देतो, वेळेवर देतो. पण प्रमाणपत्र वेळेवर असणं आणि हायड्रंटला दाबाने पाणी येणं या दोन गोष्टी आहेत. पंप चालवून, होज उलगडून, पाणी सोडून दाखवा, असं म्हणायला मला कोणी मनाई केलेली नाही. दुकानासमोर पाणी सांडेल, गिऱ्हाइकांची गैरसोय होईल, एजन्सीचा माणूस जास्त वेळ लावेल. म्हणून मी कागद बघतो. इथे तर वाचलेला खर्च ज्याच्या खात्यात गेला तो कोण असेल, याची कल्पना करणंसुद्धा मी टाळतो.

एवढं लिहून झाल्यावर मलाच शंका येते. स्वतःला असं झोडपून घेण्यातही एक सुख असतं. पश्चात्ताप लिहिला की फेडल्यासारखा वाटतो. आणि दुसरी बाजू खोटी आहे का? दुकानाच्या धंद्यात नफा पातळ असतो. विक्रीवर शेकडा तीन रुपये सुटतात असं धरलं तर माझ्या विभागात वाचलेला एक रुपया म्हणजे तेहतीस रुपयांची विक्री. दुकान बंद पडलं तर टेक्निशियन, हाउसकीपिंगच्या मावशी, गार्ड, सगळेच घरी बसतील. खर्च बघणं हे पाप नव्हे. ते माझं कामच आहे. मग नेमकं खुपतंय काय?

खुपतंय ते हे की मी दोन वेगळ्या गोष्टींवर एकाच नावाने टाळ्या घेत आलो. काही खर्च खरंच संपतात. डीप फ्रीझरच्या दाराचं गॅस्केट घ्या. दारात एक नोट अडकवून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर गॅस्केट सैल, थंडी चोवीस तास बाहेर चाललीय. ते बदललं की वीज वाचते आणि कोणाचंच काही जात नाही. रात्री दुकान बंद झाल्यावरचं आणि सकाळी उघडण्याआधीचं मीटर रीडिंग घेतलं तर कळतं की रिकाम्या दुकानातही काहीतरी चालू आहे. बोर्डाला टायमर लावणं, गरजेपेक्षा जास्त घेऊन ठेवलेला कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करून घेणं, एसी १८ वर ठेवला म्हणून दुकान लवकर गार होत नाही हे मॅनेजरला पटवणं. ऊर्जा बचतीचं काम पाहणारी बीईई ही सरकारी संस्था सांगते की एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून तर स्टार लेबलचे घरगुती एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात. ही सगळी बचत खरी. तिच्यापायी कोणी कण्हत नाही.

आणि काही खर्च संपत नाहीत, नुसते घर बदलतात. वीजबिलात, पुढच्या वर्षात, कंत्राटदाराच्या घरी, टेक्निशियनच्या पाठीत. हे खर्च कमी करायला काही शिकावं लागत नाही, फक्त 'नाही' म्हणता यायला लागतं. पहिल्या प्रकाराला माहिती लागते, आणि ती माहिती माझ्याकडे नसते. फ्रीझरखाली पाणी कधीपासून साचतंय हे फरशी पुसणाऱ्या मावशींना माहीत असतं. कुठल्या एसीखाली फॉल्स सीलिंगची टाइल पिवळी पडत चाललीय, म्हणजे ड्रेन लाइन तुंबायला लागलीय, हे त्या रोज बघतात. त्यांना कोणी विचारत नाही आणि कोणाला सांगायचं ते त्यांना माहीत नाही. जपानमध्ये सेइची नाकाजिमांनी मांडलेल्या टीपीएममध्ये, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्समध्ये, साफसफाई म्हणजेच तपासणी हा पायाच आहे. १९७१ मध्ये निप्पोनडेन्सो कारखान्यात ती पद्धत उभी राहिली. मी टीपीएमवर कार्यशाळा केलीय. आणि आमच्या हाउसकीपिंगचं मोजमाप मी आजवर केलं ते 'दर चौरस फुटाला किती रुपये' एवढंच.

तेव्हा खर्च कमी करणं आणि माणसं शिकवणं या माझ्या मनातल्या दोन वेगळ्या फायली बहुधा एकच असाव्यात. 'बहुधा' म्हणतो, कारण यावर माझ्याकडे दाखवायला आकडा नाही, आणि आकडा नसताना बोलायची सवय नाही. पण ज्याला बुडबुडा शोधता येतो आणि शोधायला वेळ मिळतो, तोच गॅसचा खर्च संपवू शकतो. मी फक्त तो पुढच्या एप्रिलवर ढकलू शकतो.

यंदाच्या बजेटच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवलाय. प्रत्येक कपातीसमोर लिहायचं, हा खर्च संपला की गेला, आणि गेला तर कुठे. भरायला बसलो तेव्हा पहिल्या काही ओळींतच हात थांबला. बऱ्याच ठिकाणी 'गेला' लिहावं लागलं, आणि एकूण बचतीचा आकडा इतका आक्रसला की मार्चमध्ये तो सांगताना माझा आवाज बदलेल असं वाटत नाही. हा रकाना वरच्यांना दाखवायचा की स्वतःपुरता ठेवायचा, ते ठरलेलं नाही. स्वतःपुरता ठेवला तर तो कशासाठी?

प्रशिक्षणाच्या यादीत कंत्राटी टेक्निशियनांची नावं घातली. फायनान्समधून अपेक्षेप्रमाणे विचारणा आली, "ही माणसं आपली कुठे आहेत?" माझंच वाक्य, मलाच परत. मी उत्तर पाठवलं की यंत्रं आपली आहेत, बिलं आपली आहेत, आणि एक सर्व्हिस नीट झाली तर काय वाचतं त्याचा हिशेब जोडला. अजून होकार नाही, नकारही नाही. सांगितलंय की एकूण रक्कम वाढणार नाही. यादी आहे त्याच रकमेत बसवा.

त्या यादीत सगळ्यात वर माझं नाव आहे, नव्या एका प्रमाणपत्रासाठी. त्या फीमध्ये दोन-तीन टेक्निशियनांचं प्रशिक्षण सहज बसेल, हा हिशेब मला तोंडपाठ आहे. नाव अजून खोडलेलं नाही. खोडायलाच हवं का? मी शिकणं थांबवायचं का? की मीही त्यांच्याबरोबर त्याच वर्गात बसावं, इन्व्हर्टरचा पीसीबी समजून घ्यायला, आणि त्यांच्यासमोर 'मला हे कळलं नाही' म्हणावं? या शेवटच्या पर्यायात पैसेही वाचतात आणि कोणाचं काही जातही नाही. तरी तोच मला सगळ्यात महाग वाटतोय. यादी सोमवारी पाठवायची आहे.